वाड्याचं पाणी कुठं जातं?

मराठवाड्यातल्या जुन्या गावठाणांतून फिरताना एक कोडं पुन्हा पुन्हा भेटतं. एकच वाडा, दोन भावांत वाटलेला. थोरल्यानं आपल्या वाटणीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, खांबांना ऑइलपेंट दिला, ओसरीत फरशी बसवली. धाकटा नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याची बाजू मातीची होती तशीच राहिली. एक चुलता तेवढा दर उन्हाळ्यात माळवदावर चढून गवत उपटायचा आणि पन्हळीतली माती काढायचा. वीस वर्षांनी एका पावसाळ्यात भिंत ढासळली ती थोरल्याच्या बाजूची. लोक म्हणतात, नशीब. जिच्यावर पैसा खर्च झाला तीच बाजू पडली!

नशिबाचा यात काही भाग नाही. भाग आहे पाण्याचा. पाणी कुठून आत येतं, कुठं थांबतं आणि बाहेर कसं जातं, हे कळलं की वाडा का पडतो ते कळतं. सरकारी कायदा त्याला किती वाचवू शकतो आणि कुठं त्याचा हात पोचत नाही, हेही मग उलगडतं.

काळी आणि पांढरी

उदाहरणादाखल दिंद्रुड घ्या; हे बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातलं गाव. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात याच्या तिप्पट-चौपट पडतो. म्हणून कोकणातल्या घराला उतरतं कौलारू छप्पर लागतं आणि आपल्याकडं सपाट माळवद चालतं. हा फरक आवडीनिवडीचा नाही. पाणी लगेच ढकलून द्यायचं की थोडा वेळ अंगावर घेऊन उन्हात वाळू द्यायचं, असा तो हिशोब आहे.

माळवदाची बांधणी खालून वर पाहत जावी. जमिनीत एक दगड, तो तळखडा. त्यावर लाकडी खांब. तळखडा असल्यानं खांबाचा पाय ओल्या मातीला टेकत नाही, आणि ओल नाही तर वाळवीही लवकर येत नाही. खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर ऐपतीप्रमाणे फळ्या किंवा किलच्या. त्यावर पाला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर धुमसून दाबलेली पांढरी माती. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. जुनी माणसं घराचं माप फुटांत सांगत नाहीत, पाच खणांचं किंवा सात खणांचं घर असं सांगतात. उजेडासाठी आणि धुरासाठी मधे साणं, आणि कडेला पाणी बाहेर फेकणाऱ्या पन्हळी.

शेतात हवी तेवढी काळी माती असताना छतावर ती का घालत नाहीत? काळी माती पाण्यानं भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चैत्रात तिच्या भेगेत हात जातो. असं छत पहिल्याच वळवात गळेल. पांढरी माती येते गावाखालच्या टेकाडातून. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती आणि चुनखडी यांची ती बनलेली असते. ती फारशी फुगत नाही, फारशी तडकत नाही. पहिल्या सरीत वरचा थर भिजून दाटतो आणि खालच्या थरांची वाट बंद करतो. शेताला 'काळी' आणि गावाला 'पांढरी' म्हणायची आपली रीत या दोन मातींवरूनच आली आहे.

ओघात एक सांगायला हवं. पांढरीची ही टेकाडं म्हणजे जुन्या वस्त्याच असतात. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे प्राचीन तगर. तिथल्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या आणि त्या संग्रहातून आजचं तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. छतासाठी माती खणताना हाताला लागलेली खापरं आणि मणी आपण किती गावांत फेकून दिले असतील, या विचारानं मला आजही हळहळ वाटते.

गोधडी किती जाड असावी?

माळवद गोधडीसारखं काम करतं. उन्हाळ्यात ते ऊन खाली येऊ देत नाही, थंडीत ऊब धरतं, हलक्या सरीचं पाणी पोटात घेऊन उघडीप पडताच परत हवेला देतं. त्याचा खरा वैरी म्हणजे झड. चार-पाच दिवस सूर्यच दिसला नाही की वाळायला सवड मिळत नाही आणि माती तळापर्यंत भिजते. त्यावर उपाय म्हणून माळवदाला पन्हळीकडं बेताचा उतार दिलेला असतो. पन्हळ तुंबली तर उतारानं आलेलं पाणी तिथंच साचतं, भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं आणि नेमकं तुळईचं टोक कुजवतं. तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं असल्यानं ही कूज बाहेरून दिसत नाही. खालून पाहणाऱ्याला तुळई ठणठणीतच वाटते.

गळतं म्हणून वर आणखी माती टाकणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय, आणि तोच घातक. साधं गणित करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा एक खण धरा. त्यावर फूटभर जाडीची दाबलेली माती असेल तर तिचं वजन साडेचार ते पाच टन भरतं. दर दोन-चार वर्षांनी जुना थर न खरवडता नवा टाकत गेलं की फुटाचे दोन फूट होतात आणि तेवढ्याच तुळयांवर नऊ-दहा टन येतात, तेही कोरड्या दिवसांत. जाणते लोक आधी जुनी माती खरवडून काढत आणि मगच नवी घालत. अर्धं काम सोडून दिलं की जपणूकच जीवावर उठते.

किल्लारीनं काय दाखवलं

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या दिवसापासून मराठवाड्याच्या मनात माळवदाची भीती बसली, आणि ती खोटी नाही. तिथल्या भिंती फार जाड होत्या, पण आतला दगडी पापुद्रा वेगळा, बाहेरचा वेगळा आणि मधे भराव. दोन्ही पापुद्रे शिवून धरणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादऱ्यानं पापुद्रे सुटले आणि वरची टनावारी माती खाली आली.

अभ्यासकांनी त्याच पडझडीत आणखी एक गोष्ट नोंदवली. जिथं छताचा भार भिंतीवर नव्हता, खांब-तुळईच्या सांगाड्यावर होता, आणि तो सांगाडा धड होता, तिथल्या काही घरांत भिंती पडूनही छत वरच राहिलं. पडलेल्या वाड्यात नुसते खांब उभे दिसतात त्यामागंही हेच कारण. खांब हा वाड्याचा सापळा आणि भिंत ही कातडी. म्हणून वाडा जपायचा म्हणजे जसाच्या तसा ठेवायचा, असं नाही. छत हलकं करणं, भिंतीचे दोन पापुद्रे बांधून घेणं, खांब-तुळईचे सांधे आवळणं हा जपणुकीचाच भाग आहे. ज्या वाड्यात माणसं झोपतात तिथं हे आधी, नक्षी नंतर.

माठाला रंग दिला तर

आता सुरुवातीच्या कोड्याकडं. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं, कारण माठ पाझरतो आणि पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं. त्याच माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला तर? पाणी आतच राहील, गार होणार नाही आणि माठ कायम ओला राहील.

मातीची भिंतही अशीच पाझरते. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, जशी दिव्यातली वात तेल वर ओढते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल पृष्ठभागापर्यंत येते आणि उडून जाते. वर सिमेंटचा थर बसला की ही वाट बंद होते. ओल मग आणखी वर चढत राहते आणि आतल्या आत माती मऊ करते. सिमेंट कडक, भिंत मऊ. उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन्ही सारखी हलत नाहीत, त्यामुळं मधे फट पडते आणि त्या फटीतून पावसाचं पाणीही शिरतं. बाहेरून भिंत गुळगुळीत, टणक दिसते. आत चिखल झालेला असतो. थोरल्याच्या वाटणीला झालं ते हेच. ऑइलपेंटनं खांबांचंही तेच केलं, आणि फरशीनं ओसरीतली ओल भिंतीकडं वळवली.

धाकट्याची बाजू दिसायला कळकट, पण तिच्यातून ओल बाहेर पडत होती आणि वरची पन्हळ मोकळी होती. त्या चुलत्यानं हाताशी फक्त खुरपं असताना जे केलं, ते थोरल्याच्या पैशाला जमलं नाही.

जुन्या गवंड्यांकडं यावर चुना होता. भट्टीत भाजलेली चुनखडी पाण्यात विरवायची, वाळूबरोबर बैलाच्या घाण्यात दिवसच्या दिवस मळायची, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालायचं. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो, पण पाझर सोडत नाही. भिंत थोडी हलली तरी तो निमूट सोसतो, आणि बारीक चीर पडली तर पाण्यात विरघळलेला चुना तिथं पुन्हा जमून ती भरूही शकतो. हे गवंडी आता दुर्मीळ झाले आहेत. माझ्या मते वाड्यांचं सगळ्यात मोठं नुकसान यातच आहे, कारण लाकूड विकत आणता येतं, हात विकत आणता येत नाही.

किल्ल्याला पाटी, वाड्याला का नाही?

जवळच्या धारूरचा किल्ला सोळाव्या शतकातला, आदिलशाहीचा सरदार किश्वरखान यानं बांधलेला. तो सरकारनं सांभाळावा असं सगळ्यांना वाटतं. मग त्याच परिसरातल्या दीडशे वर्षांच्या वाड्याकडं सरकार का पाहत नाही? पहिलं उत्तर सोपं आहे. किल्ल्यात कुणाचं कुटुंब राहत नाही, वाड्यात राहतं. दुसरं उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. आपल्याकडं संरक्षण मिळतं ते यादीत नाव चढल्यावर, नुसतं वय झालं म्हणून नाही.

━━━━━━━━━━
चौकट : तीन याद्या

*केंद्राची यादी.* 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा. वास्तू किमान शंभर वर्षांची आणि राष्ट्रीय महत्त्वाची हवी. सरकार आधी दोन महिन्यांची सूचना काढतं, तिची प्रत वास्तूजवळ लावतं, हरकती ऐकतं आणि मग घोषणा करतं. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते.

*राज्याची यादी.* महाराष्ट्राचा 1960 चा कायदा. काम पाहतं ते पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय.

*शहराची यादी.* नगररचनेच्या नियमांखाली. मुंबईत 1995 पासून. वास्तूंना पहिली, दुसरी, तिसरी अशी श्रेणी मिळते. श्रेणी जितकी वरची, तितकी बदलाची मुभा कमी.
━━━━━━━━━━

पहिल्या दोन याद्यांत घरं फार थोडी. जी आहेत ती बहुतेक कुणा थोर व्यक्तीच्या नावामुळं. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवरावांचा राजवाडा राज्याच्या संरक्षणात आहे, कारण तिथं जिजाऊंचा जन्म झाला. यात गैर काही नाही. पण घर हे घर म्हणून, त्याच्या बांधणीसाठी जपावं, हा विचार आपल्याकडं उशिरा आला. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याचं पाहा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये मुलींची शाळा तिथं सुरू केली. जागेसाठी वर्षानुवर्षं खटले चालले, आणि डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारक उभारायला जीर्ण झालेला तो वाडा उतरवला गेला. स्मृती वाचली, भिंती वाचल्या नाहीत.

तिसरी यादी घरांच्या जास्त जवळची, पण ती शहरासाठी घडलेली. तिचं एक चाक मुंबईत कसं फिरतं ते पाहण्यासारखं आहे. वारसा यादीतल्या जुन्या घराच्या मालकाला वर मजले चढवता येत नाहीत. त्याचं नुकसान भरून काढायला त्याला न वापरलेल्या बांधकामाचा हक्क कागदावर देता येतो, आणि तो कागद तो दुसरीकडं बांधणाऱ्या बिल्डरला विकतो. वाड्याचा न बांधलेला मजला उपनगरात उभा राहतो, आणि त्या पैशातून जुन्या घराची दुरुस्ती व्हावी ही अपेक्षा. जिथं जागेला सोन्याचा भाव आहे तिथंच हे चाक फिरतं. दिंद्रुडमध्ये असा कागद घेणार कोण? म्हणून मुंबईचा नियम खेड्यात जसाच्या तसा आणून भागणार नाही.

अल्सासमधले भाऊबंद

मग दुसरा नमुना कुठं मिळतो ते पाहू. फ्रान्सच्या पूर्व टोकाला अल्सास नावाचा प्रांत आहे. तिथली जुनी शहरी घरं पाहिली की वाड्याची आठवण होते. जाड लाकडांचा उघडा सांगाडा, आणि मधल्या चौकटींत काठ्या विणून त्यावर थापलेली गवतमिश्रित माती. स्त्रासबुर्गचं कामरझेल घर हे त्यांतलं नावाजलेलं. तिथं पाऊस आणि बर्फ दोन्ही, म्हणून छपरं उंच आणि उतरती. सापळा लाकडाचा आणि कातडी मातीची, हा विचार मात्र आपलाच.

मला त्याहून जवळचं वाटतं ते त्यांचं नशीब. 1871 ते 1918 अल्सास जर्मन साम्राज्यात होता. फ्रान्सनं वारसा वास्तूंचा मोठा कायदा 1913 मध्ये केला तेव्हा अल्सास त्या देशातच नव्हता. 1904 साली ब्रिटिश हिंदुस्थानात स्मारकांचा कायदा झाला तेव्हा मराठवाडाही निजामाच्या राज्यात होता. निजाम सरकारनं 1914 मध्ये स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि अजिंठा-वेरूळसाठी त्यांनी मोठं काम केलं. खात्याची नजर लेण्यांवर आणि किल्ल्यांवर होती, राहत्या घरांवर नव्हती.

फ्रेंच पद्धतीतल्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या. पहिली म्हणजे पायऱ्या. वरच्या पायरीवरच्या घराला सरकारी परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही, पण त्याच्या दुरुस्तीचा काही भार सरकार उचलतं. खालच्या पायरीवरच्या मालकाला काम करण्याआधी कळवावं लागतं, म्हणजे सल्ला द्यायला वेळ मिळतो. दुसरी म्हणजे घराचा एखादा भागच संरक्षित करता येतो. फक्त दर्शनी बाजू, फक्त छप्पर, फक्त एक जिना. बाकीच्या घरात न्हाणीघर बांधा, वीज घ्या, सुखानं राहा. वाड्याचा दिंडी दरवाजा, ढाळज आणि चौकाभोवतीचे खांब एवढंच राखून मागं नव्या खोल्या बांधायची मुभा मिळाली, तर किती मालक पुढं येतील! सगळं किंवा काहीच नाही, असं म्हटलं की माणूस काहीच नाही निवडतो.

तिथं आणखी एक वाट आहे. सांगाडा खुंट्यांनी जोडलेला आणि लाकडांवर सुतारांच्या खुणा असल्यानं घर सुटं करून दुसरीकडं उभारता येतं. 1984 मध्ये उंगर्सहाइम गावी खुलं झालेलं संग्रहालय म्हणजे अशा हलवलेल्या घरांचं गावच. आपल्याकडंही पुण्यात कोथरूडचा मस्तानी महाल राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेऊन उभा केला आहे. पण गावोगावच्या वाड्यांचं लाकूड बहुतेक उलट वाटेनं जातं. पडका वाडा ठोक भावानं विकला जातो. नक्षीचा दरवाजा एका बंगल्याला, खांब दुसऱ्या हॉटेलला, तुळया जळणाला. तुकडे जगतात, पण कुठला खांब कुठल्या खणातला हे सांगणारं कुणी उरत नाही.

सामाईक विहीर

वाडा पडण्याचं दुसरं कारण छतावर सापडत नाही, वंशावळीत सापडतं. चार भाऊ, त्यांची बारा मुलंमुली, त्यांची तीस. 2005 नंतर लेकींचा हक्कही कायद्यानं बरोबरीचा झाला, आणि तो योग्यच झाला. पण पन्हळ बदलायची तर खर्च कुणी करायचा? सामाईक विहिरीचं पाणी सगळे ओढतात, गाळ काढायला कुणी उतरत नाही, तशी गत. एकानं पैसे घातले तर त्याला भीती की उद्या वाटणीत हे धरतील का. दुसऱ्याला भीती की यानं दुरुस्ती करून ताबाच दाखवला तर. दोन्ही भीती खऱ्या असतात, आणि तोवर पाणी आपलं काम करत राहतं.

यावर एक साधं साधन आता हाताशी आलं आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघतात. कुणाचं किती हे कागदावर आलं की दुरुस्तीचा हिशोब वेगळ्या कागदावर मांडता येतो. सगळ्या वारसांनी एका साध्या करारावर सह्या करून, खर्च करणाऱ्याचा पैसा वाटणीच्या वेळी आधी फेडायचा असं लिहून घेतलं, तर निम्मी भीती जाते. हा करार जाणत्या वकिलाला दाखवून करावा.

मृगाच्या आधी

यादीत नाव येवो न येवो, वाड्याची नोंद आजच करता येते. प्रत्येक खणाचं माप, प्रत्येक खांबाचा फोटो, धान्याचं बळद कुठं होतं, चौकात तुळस कुठं होती, लाकूड कुठलं, बांधणारा कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरवावं. उद्या कुणी अधिकारी, स्थापत्याचा विद्यार्थी किंवा दुरुस्तीचा सुतार आला तर पहिल्यांदा हेच मागेल.

आणि मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटी, एकदा वर चढावं. तुळया धड आहेत ना, हे आधी खालून बघून घ्यावं. जिथं माती दबलेली दिसते तिथं पाय देऊ नये. गवत मुळासकट काढावं, पिंपळाचं रोप दिसलं तर तेही. पन्हळीत हात घालून माती-पाला बाहेर काढावा. मग माळवदाच्या वरच्या कडेला तांब्याभर पाणी ओतून उभं राहावं आणि ते कुठं जातं ते पाहावं. पन्हळीकडं गेलं तर यंदाचा पावसाळा निभावेल. मधेच थांबून मुरलं, तर त्या जागी खडूनं खूण करावी, खाली उतरून त्याच खुणेखालची तुळई गाठावी आणि तिचं भिंतीत शिरणारं टोक ठोकून ऐकावं. आवाज भरीव आला तर वरची माती काढून नव्यानं दाबली की भागतं. पोकळ आला तर त्याच दिवशी तिच्याखाली टेकू द्यावा.